आधी कपाटं, मग सॉफ्टवेअर : सोलापुरातल्या एका संग्रहाच्या डिजिटल सिस्टीमचं प्लॅनिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सोलापुरात तुमच्या ट्रस्टचं जुनं वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर वस्तुसंग्रहाचा हॉल आहे, त्यात कापडाचे नमुने, जॅकार्डची पंचकार्डं (मागाला डिझाइन सांगणारी भोकं पाडलेली कार्डं), मिलचे कागद, १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) काळातले फोटो, थोड्या मोडी आणि कानडी पोथ्या, सगळं मिळून साडेचार हजाराच्या आसपास वस्तू. कार्यकारिणीनं ठराव केलाय की सगळं डिजिटल करायचं, बाहेरच्या एका व्हेंडरचं कोटेशन आलंय, आणि अध्यक्षांना १२ जानेवारीला, हुतात्मा दिनालाच उद्घाटन पाहिजे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं आणि सहा महिन्यांत होईल का, हे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, होणार नाही. म्हणजे उद्घाटन होईल, फीत कापता येईल, पडद्यावर चार चादरी झकास दिसतील, फोटो पेपरात येईल, पण मार्चमध्ये कुणी अभ्यासक आला आणि म्हणाला की अमुक मिलचं मस्टर बघायचंय तर तुम्ही परत त्या जुन्या शिपायालाच हाक मारणार, कारण ते कुठल्या कपाटात आहे हे फक्त त्याला माहितीये. मी वाचनालयं आणि छोटी संग्रहालयं अशा दोन्हीकडं हे काम बरीच वर्षं करतोय आणि अडकलेलं काम बघितलं तर सॉफ्टवेअर वाईट होतं म्हणून अडकलंय असं फार कमी वेळा दिसतं, बहुतेक ठिकाणी वस्तू, नंबर आणि जागा या तिघांचा एकमेकांशी मेळ नसतो आणि तो मेळ कुठलंच सॉफ्टवेअर घालून देत नाही.

त्यामुळं कोटेशन सध्या फाइलला लावून ठेवा आणि आधी रजिस्टरं सगळी एका टेबलावर आणा. सगळी म्हणजे सगळी. वाचनालयाची दाखल नोंदवही असेल, संग्रहाचं वेगळं रजिस्टर असेल, आणि डेडस्टॉक रजिस्टर (फर्निचर वगैरे टिकाऊ सामानाची नोंदवही) पण आणा, ते लोक विसरतात. आपल्याकडच्या जुन्या संस्थांमध्ये अर्धा संग्रह डेडस्टॉकमध्ये चढवलेला असतो, "लाकडी हातमाग नग १, खुर्च्या नग २४" अशा ओळीनं, आणि मग एखाद्या वर्षी निर्लेखनाच्या (निकामी म्हणून काढून टाकायच्या वस्तूंच्या) यादीत खुर्च्यांबरोबर मागाचं पण नाव जातं. शिवाय देणगीची पत्रं, पावतीपुस्तकं, जुन्या सर्वसाधारण सभांची प्रोसिडिंग बुकं, कारण वस्तू कुणी दिली, कायमची दिली की बघायला ठेवायला दिली, हे बहुतेक वेळा तिथंच सापडतंय. हा प्रश्न पुढं वारसदार दारात आल्यावर भारी पडतो म्हणून सांगतोय.

मग पडताळणी. ब्रिटनमध्ये कलेक्शन्स ट्रस्ट नावाची संस्था आहे, तिचं स्पेक्ट्रम नावाचं मानक जगभर वापरतात, त्यात २१ कार्यपद्धती आहेत, घाबरू नका, त्यातल्या ९ प्राथमिक आहेत आणि तुम्हाला पहिल्या वर्षी खरं तर दोनच लागतात, एक इन्व्हेंटरी आणि दुसरं जागा आणि हालचाल यांची नोंद. इन्व्हेंटरीला माहिती अगदी थोडी लागते: नंबर, वस्तूचं साधं नाव, नग किंवा भाग किती, एका ओळीचं वर्णन किंवा फोटो, आत्ता कुठं आहे, मालक कोण, नोंद कुणी केली आणि कधी. बास. विणीचा प्रकार, रंग कुठला, डिझाइन कुणाचं, त्यामागची गोष्ट काय, हे सगळं कॅटलॉगिंग झालं, ते नंतर दहा वर्षं चालू दे. पहिल्याच फेरीत लोक कॅटलॉगिंग करायला बसतात, एका चादरीवर दोन दिवस, आणि मग तिसऱ्या कपाटाशीच उत्साह संपतो.

हिशोब करा. दोन माणसांची एक जोडी, एक जण वस्तू हाताळणार, मोजणार, दुसरा लिहिणार आणि मोबाइलवर ओळखीपुरता फोटो काढणार. दिवसाला पस्तीस धरा, कागदपत्रांचे गठ्ठे असले की कमी होतील. साडेचार हजाराला जवळपास १३० कामाचे दिवस, महिन्याला बावीस दिवस धरले तर सहा महिने गेलेच, आणि यात अजून सॉफ्टवेअरचं नाव पण आलेलं नाही. दोन जोड्या लावल्या तर तीन महिने. त्यात सोलापूरचं कॅलेंडर धरा, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात कुणी कामावर मन लावून बसणार नाही हे आधीच लिहून टाका, आषाढीला निम्मा जिल्हा पंढरपूरच्या बंदोबस्तात आणि सेवेत असतो, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी माणूस उभा राहू शकत नाही, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी सात ते अकराच काम. कापड उघडायचं असेल तर पावसाळ्यातले दमट दिवस टाळा, तेव्हा कागदपत्रांचं टेबलकाम करा.

नंबराबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. जुना नंबर बदलायचा नाही. कितीही वेडावाकडा असला, दोन वस्तूंना एकच नंबर पडलेला असला, तरी नवीन सिस्टीम आली म्हणून सगळ्यांना एक ते साडेचार हजार असे ताजे नंबर देऊ नका, कारण जुन्या लेखात, पावतीवर, कुणाच्यातरी प्रबंधाच्या तळटीपेत तो जुनाच नंबर छापलेला आहे. जुना नंबर आहे तसा "पूर्वीचा क्रमांक" या रकान्यात राहू दे. ज्याला नंबरच नाही त्याला टी अक्षर लावून तात्पुरती मालिका द्या, आणि रजिस्टरमध्ये त्याची मूळ नोंद सापडली की ती जोडा, सापडलीच नाही तर कार्यकारिणीपुढं ठेवून रीतसर दाखल करून घ्या. ज्यांना नवा नंबर द्यावाच लागेल त्यांच्यासाठी पद्धत साधी ठेवा, दाखल झाल्याचं वर्ष, त्या वर्षातला कितवा लॉट, लॉटमधली कितवी वस्तू, म्हणजे १९८७-००१२-००३ असं. मधे तिरकी रेघ देऊ नका, विंडोजमध्ये फाइलच्या नावात ती चालतच नाही, आणि फोटोच्या फाइलला तोच नंबर द्यायचाय. शून्यं आधी लावली नाहीत तर यादी लावताना १ नंतर १० येतो मग २ येतो. टिंब पण नको, ते का ते पुढं एक्सेलच्या वेळी सांगतो. आणि संगणकात आकडे इंग्रजीच (1, 2, 3) टाका, मी इथं देवनागरीत लिहितोय ते सोडा, कारण अर्ध्या नोंदी एका लिपीच्या आकड्यात आणि अर्ध्या दुसऱ्या लिपीच्या आकड्यात गेल्या की शोधलं तरी सापडत नाही.

आता तुमच्या पंचकार्डांचं बघा. जॅकार्डच्या एका डिझाइनची कार्डं दोऱ्यानं ओवलेली लांबलचक माळ असते, शेकड्यानं कार्डं. प्रत्येक कार्डाला नंबर द्यायचा का? नाही. एक माळ, एक नंबर, भागांच्या रकान्यात कार्डांची मोजलेली संख्या, आणि शेरा की माळ अखंड आहे का तुटलेली, क्रम शाबूत आहे का. क्रम गेला तर डिझाइन गेलं, म्हणून तो शेरा महत्त्वाचा. पण त्याच डिझाइनची विणलेली चादर तुमच्याकडं असेल तर तिला वेगळा नंबर आणि दोघांमध्ये "संबंधित वस्तू" अशी जोडणी, कारण सोलापुरी चादरीवर काम करणाऱ्याला नेमकी हीच जोडी बघायची असते. सिस्टीम निवडताना व्हेंडरला हेच करून दाखवायला सांगा, बाकी चकचकीत डेमो राहू द्या.

वस्तूवर नंबर घालायचा कसा, हे पण व्हेंडर सांगत नाही. कागदावर मऊ पेन्सिलनं, मागच्या बाजूला कोपऱ्यात. कापडाला सुती टेपच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या पिगमेंट शाईनं नंबर आधी लिहायचा, वाळू द्यायचा, मग तो तुकडा दोन-चार सैल टाक्यांनी काठाला शिवायचा. पितळी बिल्ले, मागाचे धोटे, भांडी यांना पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयात वापरतात ती पारदर्शक राळ) अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून छोटा पारदर्शक पट्टा, त्यावर नंबर, वाळल्यावर वर परत एक थर, पाहिजे तेव्हा अ‍ॅसिटोननं निघतो. स्टिकर नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही आणि कृपा करून स्टेपलर तर नाहीच, पिन गंजली की चादरीला भोक आणि तांबडा डाग दोन्ही.

जागेचे कोड याच फेरीत ठरवा. इमारत, खोली, कपाट, खण, खोकं. "मागचं गोदरेज" हा कोड नाही, कारण उद्या ते पुढं सरकवलं की संपलं. प्रत्येक खणाच्या कडेला कोड चिकटवा (इथं स्टिकर चालतो, वस्तूवर नको). आणि हालचालीसाठी साध्या चिठ्ठीचं पॅड छापून घ्या, नंबर, कुठून, कुठं, कुणी, तारीख. वस्तू उचलली की चिठ्ठीची एक प्रत त्या रिकाम्या जागेवर ठेवायची, दुसरी टेबलावरच्या डब्यात, आणि संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी डब्यातल्या चिठ्ठ्या सिस्टीममध्ये चढवायच्या. प्रत्येक वेळी वस्तू हातात धरून जिना उतरून कॉम्प्युटरपर्यंत कोण जाणार? कुणीच जात नाही, आणि मग "अरे इथंच तर होतं की बे" सुरू होतं.

शब्दांची यादी दुसऱ्या टेबलावर समांतर चालू ठेवा. रजिस्टरमध्ये एकाच गिरणीला कुणी जुनी मिल लिहिलंय, कुणी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, कुणी नुसतं मोरारजींची मिल, आणि लक्ष्मी, विष्णू, लक्ष्मी-विष्णू असं तीन तऱ्हेनं. एक अधिकृत नाव ठरवा, बाकीची पर्यायी नावं म्हणून त्याच्याखाली टाका, म्हणजे काहीही टाइप केलं तरी तेच सापडेल. सोलापुरात तर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही चालतात, विणकाम करणारं घर तेलुगू बोलणारं, व्यापारी कानडी, मिलचे कागद इंग्रजीत, तेव्हा स्थानिक नावाचा रकाना ठेवा आणि पद्मशाली समाजातल्या जुन्या विणकरांना बोलावून एक-दोन दिवस नमुने दाखवा, त्यांच्या तोंडून जे नाव येईल ते लिहून घ्या. त्यात माझ्या मते एखाद्या मोठ्या तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा जास्त माल मिळतो.

तारखांचं पण असंच. जुन्या नोंदीत शके असतात आणि आपली मुलं सरसकट ७८ मिळवून मोकळी होतात. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. तुमच्याच संग्रहातलं उदाहरण घ्या, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, शके तेव्हा १८५२. त्यात ७८ मिळवले तर १९३० येतं, आणि फाशीच्या बातमीचं कात्रण मार्शल लॉच्या वर्षात जाऊन बसतं. म्हणून मूळ तारीख जशी लिहिलीये तशी एका रकान्यात, बदललेली दुसऱ्यात, आणि "अंदाजे" साठी वेगळी खूण.

आता एक्सेल. पहिली इन्व्हेंटरी एक्सेलमध्येच होणार, चालेल, फक्त नंबरचा रकाना टाइप करायला सुरुवात करायच्या आधी टेक्स्ट फॉरमॅटला टाका. नाहीतर १९८७.१० चं तो गुपचूप १९८७.१ करून टाकतो आणि १२/३ ची १२ मार्च. एकच रकाना सिलेक्ट करून सॉर्ट मारला की नंबर हलतात आणि वर्णनं जागच्या जागी राहतात, आणि हे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या तारखेनं फाइलची वेगळी प्रत. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, ती पण टेक्स्टच. आणि तुमच्याकडं डीटीपीवाल्यानं पूर्वी करून दिलेली यादी श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणायला लागेल, कन्व्हर्टर मिळतात पण नंतर माणसानं डोळ्यानं वाचायचंच, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

इतकं झालं की मग सॉफ्टवेअर. पुस्तकांसाठी कोहा, न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, मोफत, देवघेव, सभासद, मार्क नोंदी (पुस्तकांच्या नोंदीचा ठरलेला साचा) सगळं होतं, वाचनालयाच्या बाजूला तेच लावा, किंवा केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय बघा. पण वस्तू कोहात घालू नका, पुस्तकाच्या साच्यात पंचकार्डाची माळ बसत नाही. वस्तूंसाठी कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस हे मोफत आणि ओपन सोर्स आहे, नोंदी करायचा भाग प्रॉव्हिडन्स आणि लोकांना दाखवायचा भाग पॉटकेट असे दोन तुकडे, पाहिजे तसे रकाने बनवता येतात, मात्र ते बनवणारा, पीएचपी आणि मायएसक्यूएल जाणणारा माणूस लागतो, मोफत म्हणजे फुकट पडतं असं नाही. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्राचं जतन आहे, राष्ट्रीय संग्रहालयांचा डेटा ज्या पोर्टलवर दिसतो त्यामागं तेच आहे, सरकारी संग्रहालयांच्या गरजेतून आलेलं. ओमेका ऑनलाइन प्रदर्शनाला छान आहे पण कपाटातली हालचाल सांभाळायला नाही. तुमच्या आकाराला मी कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस म्हणेन, सोलापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाशी संबंध असतील तर नक्कीच, आणि तसा माणूस मिळणार नसेल तर व्हेंडरचं घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

व्हेंडरचं घेतलं तर करारात मात्र हे पाहिजेच. सगळा डेटा फोटोंसकट आपल्याला पाहिजे तेव्हा, जादा पैसे न देता, सीएसव्ही किंवा एक्सएमएलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये) बाहेर काढता आला पाहिजे, आणि हे तोंडी नाही, सही करायच्या आधी काढून दाखवायचं. पैसे टप्प्यानं, इन्स्टॉलेशनला थोडे, शेवटचा मोठा हप्ता नोंदी तपासून झाल्यावर. ट्रेनिंग मराठीत आणि तुमच्याच वस्तूंवर. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, दुसऱ्या वर्षापासून किती, हे आत्ताच लिहून. तुमचं कोटेशन मी बघितलं, त्यात "डेटा मायग्रेशन" (जुन्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये नेणं) एवढीच एक ओळ आहे आणि पुढं रक्कम, किती नोंदी, कुठल्या फॉरमॅटमधून, चुका कोण दुरुस्त करणार, काहीच नाही. ती ओळ फोडून मागा.

मायग्रेशनची चाचणी पन्नास नोंदींवर करा आणि त्या मुद्दाम त्रासदायक निवडा. दोन तुकडे झालेली चादर, एकच नंबर असलेल्या दोन वस्तू, नंबर नसलेली, उसनी आणलेली, कानडी ताडपत्राची पोथी, शकात तारीख असलेलं पत्र, फोटोंचा अल्बम. सोप्या पन्नास निवडल्या की चाचणी पास होते आणि पुढं साडेचार हजारात रडायची पाळी येते. पोथ्यांसाठी अजून एक, १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तूला शंभर वर्षं आणि हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं ही मर्यादा आहे, तेव्हा नोंदणी झालेली असेल तर त्या नोंदणी क्रमांकाला रकाना ठेवा. देणगीदाराचा पत्ता, फोन, वस्तूची किंमत आणि कपाटाचा कोड हे चार रकाने लोकांना दिसणाऱ्या भागात कधीच जाणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच सेट करा. कपाटाचा कोड वेबसाइटवर टाकणं म्हणजे चोराला निमंत्रण.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. अ‍ॅडमिन नावाचं एक लॉगिन आणि मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे, ती सोडा, नाहीतर कुणी काय बदललं हे कधीच कळणार नाही. नोंद डिलीट करायचा अधिकार एकालाच. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीच्या बाहेर, आणि दर तिमाहीला एखादी प्रत खरंच उघडून परत चढवून बघायची. हार्डडिस्क खिडकीजवळच्या कपाटात नको, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. यूपीएस घ्याच.

ज्या तारखेपासून सिस्टीम खरी धरायची ती तारीख कार्यकारिणीच्या ठरावात घाला, कारण त्याआधी आणि त्यानंतर दोन्हीकडं लिहीत बसलात तर दोन्ही अर्धवट राहतात. काही लोक म्हणतात रजिस्टर बंद करा, माझं मत उलट आहे, बांधलेलं रजिस्टर चालू ठेवा, पण त्यात चारच गोष्टी, नंबर, तारीख, कुणाकडून, वस्तूचं नाव. ऑडिटला आणि कोर्टात तेच उपयोगी पडतं. बाकी वर्णन, फोटो, जागा फक्त सिस्टीममध्ये. वर्षाच्या शेवटी त्या वर्षाच्या नोंदी छापून, सह्या करून बांधून ठेवा.

माणसांचं सांगायचं तर त्या जुन्या शिपायाला पहिल्या जोडीत घ्या, वस्तू हाताळणारा म्हणून. त्याला वाटत असतं की हे कॉम्प्युटर आलं की माझी गरज संपली, आणि तो गप्प बसला तर निम्म्या वस्तूंच्या जागा सापडणारच नाहीत. तो रिटायर व्हायच्या आत त्याच्याकडनं प्रत्येक कपाटाची माहिती फोनवर रेकॉर्ड करून घ्या.

आणि १२ जानेवारी. अध्यक्षांना नाही म्हणू नका, फक्त व्याप्ती कमी करा. मार्शल लॉचे फोटो आणि कात्रणं तेवढीच घ्या, तुमच्या म्हणण्याप्रमाणं ती अडीचशेच्या आत आहेत, एका जोडीला नंबर, जागा, फोटो, वर्णन, हक्कांची नोंद असं सगळं पूर्ण करायला दोन महिने पुरतील, त्याच काळात पन्नास नोंदींची चाचणी पण होऊन जाईल. तेवढ्याचं उद्घाटन करा, बाकीच्या कपाटांची पडताळणी मागं चालू दे, आणि कापडाचा विभाग पुढच्या पावसाळ्यानंतर. फोटो कुणी काढले, हक्क कुणाचे, हे लोकांपुढं टाकायच्या आधी बघाच.

राहिला कोटेशनमधला बारकोड स्कॅनर. साडेचार हजार वस्तूंना, दोन खोल्यांत, दिवसाला पाच-सहा हालचाली असताना त्याची गरज नाही, काढून टाका, त्या पैशात आम्लविरहित कागदाची खोकी आणि मलमल घ्या. खोक्यांवर बारकोड लावायचाच असेल तर दोन वर्षांनी कधीही लावता येतो, प्रिंटर आणि साधा स्कॅनर तेव्हा पण मिळेल.